बॅटरीचा लाल दिवा आणि रेडिएटरचं पाणी : मासळीच्या एका पिकअपचं प्रकरण

ऑक्टोबरातली रात्र. साडेनऊच्या सुमारास फोन वाजला तेव्हा पालीतल्या गॅरेजचं शटर ओढून मी नुकताच जेवायला बसलो होतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून कोल्हापूरला जाणारा ओळखीचा ड्रायव्हर होता, पंचवीसेक वर्षांचा पोरगा. "मेस्त्रीकाका, नाणीजच्या पुढं उभा हाय. गाडीतून वाफ येते, न् ब्रेक पन दगड झालाय." मागून क्लीनरचा आवाज येत होता, "बर्फाचं पाणी वतू काय? वतू काय?"

"काही ओतायचं नाही. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. इंजिन बंद कर, चाकाला दगड लाव न् बाजूला हो," एवढं आधी सांगितलं.

हे ओरडून सांगायला कारण होतं. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी गेलं की हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या जाड धातूच्या भागाला, तडा जाऊ शकतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण बांगड्याच्या टपातलं बर्फाचं पाणी नुसतं गार नसतं, ते खारं असतं, त्यात मासळीचं रक्त आणि खवले असतात. असलं पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि अॅल्युमिनियमच्या भागांत गेलं तर आजची रात्र निभावेल, पण पुढच्या वर्षभरात एकेक सुटा भाग गंजून हातात येईल. आणि दाबाखालचं झाकण उघडलं असतं तर उकळत्या पाण्याचा फवारा थेट क्लीनरच्या तोंडावर आला असता. झाकण घट्ट असताना आतलं पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. ०.९ बारच्या झाकणाखाली साधं पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत पाणीच राहतं. झाकण सैल होताच तो दाब सुटतो आणि सगळ्या पाण्याला एकाच क्षणी उकळी फुटते. आमच्या धंद्यात हात-तोंड भाजल्याच्या बऱ्याच घटना अशाच घडतात.

मग मी तीन प्रश्न विचारले. बॅटरीचा लाल दिवा पेटला होता काय? हो. ब्रेक कडक कधी झाला? गाडी उतारावर सोडल्यावर, दोन-तीनदा दाबल्यानंतर. स्टिअरिंग जड झालं काय? नाही, नेहमीसारखंच होतं.

या तीन उत्तरांवरून घरात बसूनच कळलं की मोठा फॅन बेल्ट तुटला आहे. या पिकअपला जुन्या पद्धतीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवरून निघालेला एकच व्ही बेल्ट वॉटर पंप आणि वीज बनवणारा अल्टरनेटर दोन्ही फिरवतो. पंपाच्याच शाफ्टवर पंखा आहे, आणि अल्टरनेटरच्या पाठीला ब्रेकच्या बूस्टरसाठी (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागासाठी) व्हॅक्यूम पंप जोडलेला आहे. म्हणजे एक बेल्ट गेला की पाण्याचं फिरणं, पंख्याचा वारा, बॅटरीचं चार्जिंग आणि ब्रेकची मदत अशा चार गोष्टी एकाच क्षणी थांबतात. पॉवर स्टिअरिंगचा बेल्ट मात्र वेगळा आहे, त्यामुळे स्टिअरिंग हलकंच राहतं. ड्रायव्हरला फसवलं ते यानेच. हाताला गाडी नेहमीसारखी लागत होती.

दिवा पेटल्यानंतरही तो चार-पाच किलोमीटर गेला होता. त्याचं म्हणणं असं : "दिवा बॅटरीचा. बॅटरी तर नवीन, दोन म्हयन्यांपूर्वी घातलेली. म्हटलं कोल्हापुरात बघू." मी त्याला रागावलो नाही, कारण दहातले आठ ड्रायव्हर हेच करतात आणि त्यात त्यांच्या दृष्टीने तर्क आहे. दिव्यावर चित्र बॅटरीचं असतं. पेट्रोलच्या किंवा आजच्या कॉम्प्युटरवाल्या डिझेल गाडीत वीज संपत आली की इंजिन कधीतरी आपोआप बंद पडतं. जुन्या, मेकॅनिकल इंधन पंपाच्या डिझेलला मात्र चालत राहायला वीज जवळजवळ लागतच नाही, डिझेल बंद करणाऱ्या विजेच्या झडपेला (सोलेनॉइडला) जेवढी लागेल तेवढीच. म्हणून बेल्ट तुटल्यावरही ते इंजिन खुशाल चढ चढत राहतं, आणि आत पाणी जागच्या जागी उकळत असतं. अशा गाडीत बॅटरीचा लाल दिवा हाच तापण्याचा पहिला इशारा असतो. तापमानाचा काटा त्याच्यानंतर काही मिनिटांनी बोलतो.

काट्याबद्दल पोराने सांगितलेली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. काटा वर चढला, लाल पट्टीला टेकला, आणि मग खाली आला, पार तळाला. त्याला वाटलं गाडी थंड झाली. प्रत्यक्षात पाणी झाकणावाटे बाहेर पडून पातळी खाली गेली होती आणि सेन्सर पाण्याबाहेर नुसत्या वाफेत लटकत होता. सेन्सरला पाण्याचा स्पर्श नसेल तर तो खरं तापमान सांगू शकत नाही. चढून एकदम पडलेला काटा म्हणजे पाणी संपल्याची खूण. त्याने गाडी थांबवली ती काट्यामुळे नाही, ब्रेकमुळे. एका वळणावर पाय दाबला आणि पेडल पायाला दगडासारखं लागलं. हँडब्रेक आणि पहिला गिअर यांवर त्याने गाडी कशीबशी कडेला घेतली. पुढे साखरपा आणि मग आंबा घाट आहे. तिथवर तो पोचला नाही हे त्याचं नशीब.

मासळी दुसऱ्या गाडीत चढवून पुढे पाठवली. बिघडलेली पिकअप दोरीने ओढून आणायला मी साफ नकार दिला. ब्रेकला व्हॅक्यूम नाही आणि रस्ता उताराचा, मागची गाडी पुढच्यावर जाऊन आदळली असती. ती क्रेनवर घालून मध्यरात्री गॅरेजला आली, आणि सकाळपर्यंत मी तिला हात लावला नाही.

तुटलेला बेल्ट काय सांगतो

नवीन बेल्ट घालून गाडी अर्ध्या तासात रस्त्याला लागली असती. मालकाचा सकाळी सातला आलेला पहिला फोन त्यासाठीच होता. "मेस्त्री, बेल्ट टाका न् सोडा, संध्याकाळी लिलाव हाय." मी दोन दिवस मागून घेतले. बेल्ट हे दुखणं नव्हतं, बेल्ट तुटणं हा दुखण्याचा शेवट होता. आणि शेवटापासून मागे जायला सगळ्यात चांगला साक्षीदार म्हणजे तो तुटलेला बेल्टच.

तो फॅनच्या जाळीत अडकलेला सापडला. टेबलावर उजेडात पसरून पाहिला. वयाने तो जुना नव्हता. पाठीवरचा नंबर आणि छापील अक्षरं स्पष्ट वाचता येत होती. जुन्या बेल्टला आतून आडव्या भेगा पडतात, तशी एकही भेग नव्हती. पण दोन्ही बाजूंच्या उतरत्या कडा काचेसारख्या चकाकत होत्या आणि त्यांना जळक्या रबराचा वास होता. एका ठिकाणी रबर वितळून काळी साय धरली होती आणि तिथेच आतले दोरे एकेक करून तुटले होते. सुरीने कापल्यासारखा तुटला असता तर मी दगड-खडा अडकला असं म्हटलं असतं. हा तर घासून घासून जळून तुटला होता. म्हणजे एखादी पुली फिरायला नकार देत होती आणि बेल्ट तिच्यावरून नुसता सरकत होता.

मग प्रत्येक पुली हाताने फिरवली. हे काम बेल्ट नसतानाच नीट होतं, आणि घाईत नवीन बेल्ट चढवला की ही संधी जाते. पंखा आणि पंप सहज फिरले, पण पंखा पुढे-मागे हलवल्यावर अगदी थोडा खेळ हाताला जाणवला. अल्टरनेटरची पुली फिरवली तर आत वाळू असल्यासारखी कर्र-कर्र लागली, आणि एका जागी अडकून पुढे गेली. पुढचं बेअरिंग गेलेलं होतं.

तिसरी खूण बहुतेकांच्या नजरेतून सुटते. अल्टरनेटर ज्या वाकड्या पट्टीच्या खाचेत सरकवून बेल्ट ताणतात, तिथे बोल्ट खाचेच्या बाहेरच्या टोकाला होता. जुन्या, वाढलेल्या बेल्टला तसा असणं समजू शकतं. हा बेल्ट नवा होता. म्हणजे कुणीतरी पहारीने रेटून तो सतारीच्या तारेसारखा ताणला होता. व्ही बेल्ट सगळ्यात लांब पट्ट्यात अंगठ्याने दाबला तर साधारण १० मिलिमीटर दबला पाहिजे. त्याहून जास्त ताणला की सगळा भार अल्टरनेटर आणि पंप यांच्या बेअरिंगवर जातो. दोन्हीकडे तेच दिसत होतं.

ड्रायव्हरला विचारलं, बेल्ट कुणी ताणला? रत्नागिरीतच दोन महिन्यांपूर्वी, बॅटरी बदलली तेव्हा. सकाळी गाडी उठत नव्हती. तिथे मीटर लावून 'चार्जिंग कमी' असं सांगितलं, बॅटरी नवीन घातली आणि बेल्ट घट्ट केला. मग आठ दिवसांपासून सकाळी चालू करताना बेल्ट किंचाळायचा, थोड्या वेळाने गप्प व्हायचा.

चार्जिंग कमी का होतं, हा प्रश्न तिथे कुणी विचारला नाही. तो मी कागदावर लिहून ठेवला आणि आधी पाण्याकडे वळलो. कारण हेड गेलं असेल तर बाकीच्या खर्चाचा हिशेबच वेगळा होतो.

पाण्याची बाजू

इंजिन रात्रभर थंड झालेलं होतं. आधी ऑइलची कांडी काढून पाहिली. ऑइल काळं होतं, पण दुधाळ नव्हतं, म्हणजे त्यात पाणी मिसळलं नव्हतं. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं. कुठे अडलं नाही. क्रँक पुलीच्या मागे टॉर्च मारून पाहिलं, कारण तुटलेल्या बेल्टचे दोरे तिथे गुंडाळले गेले तर पुढचं ऑइल सील फाटतं आणि महिनाभराने ऑइल गळू लागतं, मग त्याचा दोष कुणाचा यावर वाद होतो. दोन बोटं लांबीचा दोऱ्याचा गुंता तिथे निघालाच. चिमट्याने ओढून काढला, सील शाबूत होतं. खालच्या होज पाईपवर बेल्टच्या फटक्याचा वळ होता, आरपार नव्हता. तरी तो पाईप बदलला. त्या वळावर पुढच्या घाटात विश्वास ठेवायचा नसतो.

रेडिएटरमध्ये पाणी भरायला घेतलं तर पाच लिटरचा कॅन रिकामा होऊनही पातळी दिसेना. आणि जे थोडं आत उरलं होतं ते चहाच्या रंगाचं निघालं. कूलंट नावालाही नव्हतं. वर्षानुवर्षं बावीचं पाणी भरलेलं.

आता हेड गॅस्केटची, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्यामधल्या पट्टीची, तपासणी. यासाठी बेल्ट नसलेली गाडी हे खरं तर वरदान आहे. रेडिएटर तोंडापर्यंत भरला, झाकण उघडं ठेवलं, आणि थंड इंजिन बेल्टशिवायच पाऊण मिनिट चालवलं. पंप फिरत नसल्याने पाणी घुसळत नाही, आरशासारखं स्थिर राहतं. अशा वेळी बुडबुडा वर आला तर तो सिलिंडरमधल्या वायूचाच असतो. सकाळच्या उन्हात मी आणि माझा हाताखालचा पोरगा डोकं खाली घालून ते तोंड बघत होतो. सुरुवातीला दोन बुडबुडे आले, ती अडकलेली हवा होती. मग काही नाही. इंजिन बंद केलं, दहा मिनिटं थांबून पुन्हा केलं. पाणी स्थिर. नंतर, सगळं जोडून झाल्यावर, तपासणीचं निळं द्रव घेऊन रेडिएटरच्या तोंडावर धरलं. आत जळका वायू येत असेल तर त्याचा रंग बदलून हिरवट-पिवळा होतो. निळंच राहिलं. पोराने चार-पाच किलोमीटरवर ब्रेकमुळे का होईना गाडी थांबवली म्हणून हेड वाचलं. त्या चढाला आणखी पाच किलोमीटर गेला असता तर हे प्रकरण वेगळ्या रकमेचं झालं असतं.

प्रेशर टेस्टर लावून रेडिएटरमध्ये हाताने ०.९ बार दाब भरला. काटा स्थिर राहायला हवा, तो अगदी हळूहळू खाली येऊ लागला. कुठेही थेंब दिसेना. आरसा घालून पंपाच्या पोटाखाली पाहिलं तेव्हा दिसला. वॉटर पंपाला खालून एक छोटं भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगकडे न जाता त्या भोकातून बाहेर यावं म्हणून ते ठेवलेलं असतं. पाणी गळतं म्हणून काही जण त्यात एम-सील भरतात, तसं कधीही करू नये. त्या भोकातून दर अर्ध्या मिनिटाला एक थेंब येत होता. पंख्याला जाणवलेला खेळ तो हाच. बेल्ट अति ताणल्याची दुसरी किंमत. पंप नवीन घातला.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून भांड्यात पाण्यात लटकवला, शेजारी थर्मामीटर. त्यावर ८२ अंश कोरलेलं होतं. तो हलायला लागला नव्वदच्या पुढे, आणि पाणी उकळायला लागल्यावरही अर्धाच उघडला. एकदा असा भाजला गेलेला थर्मोस्टॅट पुन्हा भरवशाचा होत नाही. इथे मालकाने फोनवर सांगितलं, "काढून टाका ना तो, आपल्याकडं गरमीच हाय." हा सल्ला कोकणातल्या निम्म्या गॅरेजांत दिला जातो आणि तो चुकीचा आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. थर्मोस्टॅट नसला की इंजिन हवं तितकं तापत नाही, डिझेल नीट जळत नाही, ऑइल लवकर खराब होतं. आणि ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, त्यात तो काढला तर ती वाट कायमची उघडी राहते. मग पाण्याचा एक वाटा रेडिएटरमध्ये न जाताच फिरत राहतो आणि घाटात गाडी आणखी तापते. नवीन थर्मोस्टॅट बसवला.

रेडिएटरच्या पाती जांभ्याच्या तांबड्या धुळीने अशा भरल्या होत्या की टॉर्चचा उजेड आरपार येईना. महामार्गाचं काम चालू असलेल्या पट्ट्यातून रोज जाणाऱ्या गाड्यांचं हे नेहमीचं आहे. बाहेरून पाणी मारलं तर माती आणखी आत बसते. म्हणून पंख्याच्या बाजूने बाहेर असं, साध्या दाबाने धुतला. तांबडा चिखल पायरीवरून वाहत पार रस्त्यापर्यंत गेला.

विजेची बाजू

पाण्याचं काम चालू असताना बॅटरी मोजून ठेवली होती. काहीही चालू नसताना १२.२ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. हाताखालचा पोरगा म्हणाला, बेल्ट तुटल्यावर लाईटी चालू होत्या ना, म्हणून उतरली. मी हिशेब मांडला. हेडलाईट आणि मागचे दिवे मिळून तेरा-चौदा अँपिअर, चालला पंधरा मिनिटं, म्हणजे तीन-चार अँपिअर-तास. नंतर क्रेन येईपर्यंत दोन तास चारही इंडिकेटर लुकलुकत होते, त्याचे सात-आठ धरू. सगळे मिळून अकरा-बारा. बॅटरी ७५ अँपिअर-तासांची. निम्मी उतरायला सदतीस लागतात. बाकीचे पंचवीस कुठे गेले? बॅटरी बेल्ट तुटायच्या आधीच अर्धपोटी होती.

अल्टरनेटर खोलून दोन्ही बेअरिंगं बदलली, कार्बन ब्रश मोजले, ते अजून पुरेसे होते. व्हॅक्यूम पंपाला इंजिनचं ऑइल मिळतं, ती बारीक नळी चोंदलेली नाही ना हे फुंकर मारून पाहिलं. नवीन बेल्ट चढवला, अंगठ्याने १० मिलिमीटर. गाडी चालू केली, पंधरा मिनिटांनी बंद करून पुन्हा पाहिला, थोडा सैल झाला होता, पुन्हा बसवला. नव्या बेल्टला हे एकदा करावंच लागतं.

दिवा विझला. इथे बहुतेक जण बॉनेट पाडतात.

हेडलाईट लावून, इंजिन मध्यम वेगाने चालवत मीटर लावला. अल्टरनेटरच्या मागच्या मोठ्या बोल्टवर १४.३. बॅटरीच्या खुंट्यांवर १३.२. अल्टरनेटर पूर्ण वीज देत होता आणि वाटेत १.१ व्होल्ट कुणीतरी खात होतं. रत्नागिरीत मीटर फक्त बॅटरीवर लावला गेला असणार. तिथे आकडा कमी दिसला, म्हणून अल्टरनेटर कमी देतो, म्हणून बेल्ट सरकत असेल, म्हणून ताणा. मीटरचं दुसरं टोक अल्टरनेटरला लावलं असतं तर त्या बेल्टला कुणी हात लावला नसता.

माझा पहिला संशय अर्थवर, म्हणजे गाडीच्या अंगातून बॅटरीच्या ऋण खुंटीला परत जाणाऱ्या विजेच्या वाटेवर, गेला. मासळीच्या गाड्यांच्या अर्थ पट्ट्या कुजलेल्या मी इतक्या पाहिल्या आहेत की हात आपोआप तिकडेच जातो. पाना उचललाही होता. पण आधी मोजलं. अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण खुंटीपर्यंत, गाडी चालू, लाईटी चालू : ०.१५. अर्थ ठीक होती. आणि विचार केल्यावर ते पटलंही. स्टार्टर मारताना शेकड्यांनी अँपिअर त्याच वाटेने जातात, ती इतकी कुजली असती तर गाडी उठलीच नसती. आता धन बाजू, अल्टरनेटरच्या बोल्टपासून बॅटरीच्या धन खुंटीपर्यंत : ०.९५. दोन्हींची बेरीज बरोबर १.१.

या गाडीची बॅटरी हौद्याखाली, चासीला लागून पेटीत असते. स्टार्टरची जाड केबल खुंटीवरून थेट जाते. चार्जिंगची वायर वेगळी येते आणि पेटीतच एका मोठ्या फ्यूजच्या पट्टीला लगने, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीने, आवळलेली असते. तो सांधा बरोबर हौद्याच्या एका फटीखाली होता. रोज संध्याकाळी बर्फ वितळतो, खारं पाणी फटीतून थेंब-थेंब त्यावर पडतं, आणि हे दोन-तीन हंगाम चाललेलं. आधी बॅटरीची ऋण केबल सोडली, मग पट्टीवरचं झाकण काढलं.

बाहेरून लग तांबूस, जरा मळकट, एवढंच दिसत होतं. पाना लावला तर नट तुकडे होऊन गळला. वायरचं प्लॅस्टिक ब्लेडने दोन इंच मागे सोललं. आत तांब्याच्या तारा असायला हव्या होत्या, तिथे मोरचूदाच्या रंगाची हिरवी पूड होती. बोटात धरून चुरली तर निम्म्या तारा पुडीसारख्या झडल्या. मधल्या उरलेल्या काळ्या पडलेल्या आठ-दहा तारांवर ही गाडी दोन महिने, कदाचित जास्तच, चार्ज होत होती.

वायर निरोगी तांबं लागेपर्यंत मागे कापली, नवीन तुकडा, नवीन लग दाबून आणि वरून सोल्डरचा डाग देऊन, फ्यूज आणि पट्टीही नवीन. सांध्याला व्हॅसलीन, वरून रबरी टोपी. पुन्हा मोजलं : अल्टरनेटरवर १४.३, बॅटरीवर १४.१. मीटर एसीवर टाकून बॅटरीवरची लहर पाहिली, ०.०४. डायोड (अल्टरनेटरची वीज एकाच दिशेला वळवणारे भाग) चांगले असतील तर ती ०.५ च्या बरीच खाली असते. ब्रेकची परीक्षाही घेतली. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबलं, पाय तसाच ठेवून इंजिन चालू केलं, पेडल पायाखाली हळूच खाली बसलं. व्हॅक्यूम पंप कामाला लागला होता.

आता लाल दिव्याबद्दल. दोन महिने खरं दुखणं चालू असताना तो पूर्ण पेटला नाही, कारण अल्टरनेटर वीज बनवत होता, आणि दिवा तेवढंच ओळखतो. ती वीज बॅटरीपर्यंत पोचते की नाही हे त्याला कळत नाही. पण मी पोराला खोदून विचारलं : पावसात, वायपर-हेडलाईट सगळं चालू असताना, रात्री काही दिसायचं? तो थोडा थांबला आणि म्हणाला, "व्हय की. राखेतल्या निखाऱ्यावानी बारीक लाल दिसायचा. मला वाटायचं काचेतली परछाई." ती परछाई नव्हती. दिव्याच्या एका टोकाला अल्टरनेटरचा दाब आणि दुसऱ्याला गाडीच्या वायरिंगचा, दोन्हींत फरक पडला की तो तेवढ्यापुरता मंद जळतो. पावसाळाभर ती खूण समोर होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालक स्वतः आले. त्यांना तुटलेला बेल्ट, कर्कर करणारं बेअरिंग आणि तो हिरवा लग एका ओळीत मांडून दाखवला. खाऱ्या पाण्याने सांधा खाल्ला, म्हणून बॅटरी उपाशी राहिली. बॅटरी उपाशी म्हणून ती बदलली आणि बेल्ट ताणला. ताणलेल्या बेल्टने बेअरिंग आणि पंप खाल्ला, बेअरिंगने बेल्ट जाळला, आणि बेल्टबरोबर पाणी, वीज आणि ब्रेक गेले. त्यांनी लग हातात घेऊन बराच वेळ उलट-सुलट केला. "म्हंजे जुनी बॅटरी चांगलीच व्हती?" मी म्हटलं, बहुधा होती. त्यांनी ती भंगारात दिली होती.

रेडिएटरमध्ये निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी भरलं, हीटरचा नळ उघडा ठेवून हवा काढली. झाकणही नवीन दिलं. हौद्याची फट बुजवली आणि वितळलेलं पाणी मागच्या टोकाला नेणारी पीव्हीसीची नळी बसवली, म्हणजे ते पेटीवर पडणार नाही. सीटखाली त्याच नंबरचा जादा बेल्ट आणि तो चढवायला लागणारे दोन पाने ठेवले. पोराला गाडीजवळ उभं करून बोल्ट कुठला ढिला करायचा ते दोनदा करायला लावलं. आणि दिवा पेटला तर काय करायचं तेही : कडेला घे, इंजिन बंद कर, बॉनेट उघड, नुसता बेल्ट बघ. बेल्ट जागेवर असेल तर काट्यावर नजर ठेवून हळू जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येईल. बेल्ट नसेल तर भरलेल्या गाडीने चढावर शंभर मीटरही जायचं नाही, आणि उतारावर तर नाहीच.

महिन्याभराने गाडी तपासणीला आली. सकाळी, रात्रभर उभी असलेली, मोजली : १२.६. रेडिएटरची पातळी होती तिथेच, बेल्टच्या कडा मऊ काळ्या, चकाकी नाही. मागोमाग मालकांची दुसरी पिकअप आत घेतली. तिला काहीच तक्रार नव्हती. माझ्या हाताखालच्या पोराने न सांगता बॅटरीच्या पेटीचं झाकण काढलं, फ्यूजच्या पट्टीजवळची वायर सोलली आणि मला हाक मारली. आत तोच हिरवा रंग होता, अजून वरवरचा.